अर्ज कुणाला उद्देशून होता?

(अमळनेर येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



अमळनेरात बोलायला उभे राहताना वक्त्याच्या मनावर थोडे दडपण येतेच. बोरी नदीच्या काठावर सखाराम महाराजांची परंपरा नांदते आहे, १९१६ साली प्रतापशेटजींनी उभारलेले तत्त्वज्ञान मंदिर येथे आहे, आणि १९५२ नंतर पुन्हा २०२४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावाने भरवले. अशा चोखंदळ श्रोत्यांपुढे संयोजकांनी मला विषय दिला तो राष्ट्रीय चळवळीतील आरंभीच्या मवाळ नेत्यांचा. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, फिरोजशहा मेहता आणि नामदार गोखले. विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, अर्ज-विनंत्या करणाऱ्या त्या मंडळींबद्दल तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?"

हा प्रश्न प्रातिनिधिक आहे. 'मवाळ' हा शब्दच आपण काहीसा ओशाळून उच्चारतो. आपल्या घरांत, कार्यालयांत ज्या तसबिरी असतात त्यांत वासुदेव बळवंत असतात, चापेकर बंधू असतात, लोकमान्य आणि स्वातंत्र्यवीर असतात. त्या असल्याच पाहिजेत. गोखल्यांची तसबीर मात्र क्वचित दिसते. त्यांच्या राजकारणाला 'भिक्षांदेही'चे राजकारण म्हटले गेले आणि तो शिक्का शंभर वर्षांनंतरही पुसला गेलेला नाही. आज मला त्यांची वकिली करायची नाही. ही माणसे नेमके काय काम करीत होती आणि त्या कामाचा आपल्यासारख्या कार्यकर्त्यांशी काही संबंध आहे का, एवढेच तपासून पाहावे असे मला वाटते.

धुळ्याचा न्यायाधीश

आरंभ आपल्या खानदेशातूनच करू. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', हे तिचे प्राण. या सभेत सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे मी कुणाच्या वतीने बोलतो आहे, हे आधी सिद्ध करायचे आणि मग बोलायचे! ज्या काळी देशात निवडणूक हा शब्दही लोकांना अपरिचित होता, त्या काळची ही गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी माधवराव रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यात आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली.

१८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला तेव्हा सभेने आपली माणसे गावोगाव पाठवली. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती उरले, जनावरे किती मेली, किती कुटुंबे गाव सोडून गेली, दुष्काळी कामावर मजुराच्या हाती प्रत्यक्ष काय पडते, याची टिपणे त्यांनी केली आणि सभेने ती सरकारकडे रवाना केली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला १ पौंड धान्य पुरे असा हिशेब बसवला होता. त्या हिशेबाला सार्वजनिक सभेने विरोध केला, आणि मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली तेव्हा सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. अर्ज करणारे हे लोक कचेरीत बसून अर्ज लिहीत नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

सरकारला या कामाची धास्ती वाटली. १८७८ साली रानड्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंतांचे बंड ऐन भरात आले. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. त्याच दिवसांत रानड्यांना हुकूम आला की, ताबडतोब धुळ्याला रुजू व्हा. तेव्हाचे धुळे म्हणजे पुण्या-मुंबईच्या दृष्टीने दूरचे, एका बाजूला पडलेले गाव. संशयिताला नजरेखाली ठेवण्यास सोयीचे.

धुळ्यातील त्या दिवसांची हकीकत रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. रमाबाई त्या वेळी सतरा वर्षांच्या आतबाहेर होत्या. घरी येणारी टपालाची पाकिटे उशिरा येत, आणि ती फोडून पुन्हा चिकटवलेली आहेत हे दिसत असे. खुद्द वासुदेव बळवंतांच्या नावाने बनावट पत्रे येत. हेतू असा की, ती मिळाल्यावर हा न्यायाधीश काय करतो ते पाहावे. रानडे ती पत्रे सरळ अधिकाऱ्यांकडे पाठवून देत आणि आपले न्यायदानाचे काम शांतपणे पुढे चालवीत. काही काळाने सरकारचा संशय मावळला.

आता यातली मौज पाहा. आपण ज्याला मवाळ म्हणतो त्या माणसावर इंग्रज सरकारला बंडखोरीचा संशय होता, आणि तो अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही. रानड्यांचा बंडात हात नव्हता हे खरे. परंतु देशाचे दारिद्र्य दैवाने आलेले नसून त्याला कारणे आहेत, हे ते पुण्यातल्या व्याख्यानांतून सांगत होते, आणि ती व्याख्याने ऐकणाऱ्यांत एक तरुण होता वासुदेव बळवंत फडके. पुढे फडके पकडले गेले, खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घ्यायला भलेभले कचरत होते. ते घेतले सार्वजनिक काकांनी! त्याच काकांनी दोन वर्षांपूर्वी, १८७७ च्या दिल्ली दरबारात, घरी कातलेल्या सुताची शुभ्र खादी अंगावर घालून सार्वजनिक सभेचे प्रतिनिधित्व केले होते. अर्ज करणारा हात आणि बंडखोराच्या बचावाला उभा राहणारा हात एकाच माणसाचा होता. मवाळ आणि जहाल अशा दोन कप्प्यांत त्या काळाची विभागणी करणे किती कठीण आहे, हे यावरून दिसते.

गुरुशिष्यांचा एक संवाद

माझ्या विषयाचा गाभा एका लहानशा संवादात आहे. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत होते आणि रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहत होते. एकेका अर्जासाठी महिनोन्महिने खपायचे, सरकारी अहवाल उलथेपालथे करायचे, आकडे जुळवायचे. रानडे मसुदा वाचायचे, दुरुस्त्या करायचे, पुन्हा लिहायला लावायचे. एवढे करून अर्ज जाई आणि सरकारकडून उत्तर येई ते दोन ओळींचे, की आपला अर्ज पोचला, नोंद घेतली आहे. एकदा तरुण गोखले निराश होऊन म्हणाले, सरकार वाचतसुद्धा नाही, मग एवढी यातायात कशासाठी? रानड्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, आपल्या देशाच्या इतिहासात आपले स्थान काय आहे हे तुझ्या ध्यानात आलेले नाही. हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून आहेत. खरे पाहता ते आपल्या लोकांना उद्देशून आहेत. या विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांना शिकायचे आहे, आणि हे काम कित्येक वर्षे, दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न धरता करावे लागेल.

मंडळी, 'भिक्षांदेही' या आरोपाचे याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही. भिक्षा मागणाऱ्याची दृष्टी देणाऱ्याच्या हाताकडे असते. रानड्यांची दृष्टी आपल्या समाजाकडे होती.

आकड्यांचे शस्त्र

हा विचार लोकांना शिकवला तरी कसा? येथे दादाभाई नौरोजींचे स्मरण करावे लागते. इंग्रज सांगत होते की, आमच्या राज्यात हिंदुस्थान सुखी झाला आहे. दादाभाईंनी प्रांताप्रांताचे पीक मोजले, भाव लावले, लोकसंख्येने भागले आणि १८६७ ते १८७० या काळासाठी हिशेब मांडला. हिंदी माणसाच्या वाट्याला वर्षाला २० रुपये येत होते. मग त्यांनी सरकारचेच तुरुंग खात्याचे अहवाल उघडले आणि दाखवून दिले की, कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जेवढा खर्च करते, तेवढेही स्वतंत्र फिरणाऱ्या रयतेच्या वाट्याला येत नाही. साम्राज्याच्या नैतिक दाव्यावर याहून मोठा घाव कोणता? आणि तो घातला होता सरकारच्याच कागदपत्रांनी. १८९२ साली हेच दादाभाई ५ मतांच्या आधिक्याने ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले, आणि १९०६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला. चाळीस वर्षे हिशेब मांडून झाल्यावर उच्चारलेला तो शब्द होता, म्हणून त्याला वजन होते.

गोखल्यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा हा मुलगा. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांना १५ रुपये पगार होता आणि त्यातले ८ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवीत. पुढे १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयी साक्ष द्यायला हा तिशीचा प्राध्यापक लंडनला गेला आणि उलटतपासणीला पुरून उरला. त्याच्या तयारीमागे गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शाळामास्तर होते. सरकारी नोकरीत राहून, फावल्या वेळात, हिंदुस्थानचे अर्थकारण आकड्यांनिशी मांडण्याचा व्यासंग या गृहस्थांनी केला. त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? पण गोखल्यांच्या प्रत्येक मोठ्या भाषणाच्या पायात जोशी मास्तरांचा दगड आहे.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. कर्झनचे सरकार कोट्यवधींच्या शिलकीचा अभिमान मिरवीत होते. गोखल्यांनी प्रश्न केला की, छप्पनच्या दुष्काळातून देश अजून सावरलेला नाही, लोक प्लेगने मरत आहेत आणि तिजोरीत शिल्लक पडते, हे घडते कसे? आणि त्याची उकल त्यांनीच करून दाखवली. इंग्लंडात करायचा खर्च पौंडांत फेडावा लागे. रुपया घसरला तेव्हा तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये लागू लागले, म्हणून सरकारने कर वाढवले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला तो या काळात. पुढे १८९३ साली टांकसाळी बंद करून सरकारने रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवला आणि तो १६ पेन्सवर स्थिर झाला. म्हणजे ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारण उरले नाही, कर मात्र तसेच राहिले. ती शिल्लक म्हणजे समृद्धीची खूण नव्हे. ती रयतेच्या खिशातून जादा काढून घेतलेली रक्कम होती.

या भाषणाने काय साधले? १९०३ साली मिठाचा कर अडीच रुपयांवरून २ रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली १ रुपयावर. प्राप्तिकराच्या माफीची मर्यादा ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. हे एकट्या गोखल्यांचे श्रेय आहे असे मी म्हणणार नाही. पण दरवर्षी मार्च महिन्यात कौन्सिलात एक मराठी माणूस उभा राहतो आणि अर्थमंत्र्याला त्याच्याच वहीतली चूक दाखवतो, याचा देशभरच्या सुशिक्षितांच्या मनावर जो परिणाम झाला तो या कपातीपेक्षा मोठा होता. राज्यकारभार ही काही साहेबालाच समजणारी विद्या आहे, हा न्यूनगंड त्या भाषणांनी घालवला.

दुसरा प्रसंग शिक्षणाचा. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ६ ते १० वयाच्या मुलांना, जेथे स्थानिक संस्था तयार असतील तेथे, टप्प्याटप्प्याने शिक्षण सक्तीचे करावे, एवढीच माफक मागणी होती. त्या वर्षीच्या जनगणनेत शंभरात जेमतेम सहा माणसे साक्षर होती. बडोद्यात मात्र सक्तीचे शिक्षण १९०६ पासून राज्यभर लागू झाले होते, आणि ते करणारे महाराज सयाजीराव हे आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे! जे एका देशी राजाला जमते ते साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांचा युक्तिवाद होता. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. त्याविषयी कुणाला दूषण न देता गोखले एवढेच म्हणाले की, आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणेच आले आहे, यशातून सेवा करणारे पुढे येतील. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. मध्ये ९८ वर्षे गेली.

शब्दाची किंमत

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तो गोखल्यांना फार महाग पडला. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी लष्कर आणले होते. घरझडतीच्या वेळी सोल्जरांनी स्त्रियांशी अतिप्रसंग केल्याच्या बातम्या पुण्याहून आलेल्या पत्रांतून गोखल्यांना लंडनमध्ये कळल्या आणि त्यांनी त्या तेथे जाहीरपणे सांगितल्या. पार्लमेंटात प्रश्न निघाला, सरकारने पुरावा मागितला. मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी पुराव्यासाठी शोध केला, परंतु उघडपणे पुढे यायला कोणी धजेना. पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगून त्यांना संकटात लोटणे त्यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी जाहीर क्षमायाचना केली.

सारा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला. ज्या काळी लोकमान्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, त्या काळी हा माणूस माफी मागतो, ही तुलना त्यांना आयुष्यभर चिकटली. पुण्यातला सोल्जरांचा जाच खोटा नव्हता, तेव्हा गोखल्यांनी माफी मागायला नको होती, असे म्हणणारे आजही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु मी पत्रकार आहे. जे सिद्ध करता येत नाही ते छापायचे नाही, आणि छापले गेलेच तर ते मागे घ्यायचे, हा नियम आमच्या व्यवसायात सांगितला जातो फार आणि पाळला जातो थोडा. म्हणून मला त्या माफीकडे भित्रेपणा म्हणून पाहता येत नाही. साथ पुन्हा आली तेव्हा तोच माणूस स्वयंसेवक म्हणून प्लेगग्रस्तांच्या वस्त्यांत काम करताना दिसला, हेही नोंदवले पाहिजे.

आणि हे लोक केवळ नमते घेत होते असेही नाही. १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात बदल आणले. दुष्काळात सापडलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काला त्यामुळे बाध येत होता. फिरोजशहा मेहता कौन्सिलातून उठून बाहेर पडले आणि गोखले व इतर सहकारी त्यांच्या मागोमाग गेले. आज 'सभात्याग' रोजचा झाला आहे. पण सर्व युक्तिवाद करून झाल्यावर, शेवटचा उपाय म्हणून केलेल्या त्या सभात्यागाचा आवाज देशभर गेला.

मर्यादा

मात्र गुणगान करताना मर्यादा झाकून ठेवणे योग्य नाही. पहिली मर्यादा म्हणजे इंग्रजाच्या न्यायबुद्धीवरील त्यांचा विश्वास. पुरेसा पुरावा दिला की इंग्रज वळेल, असे त्यांना वाटत होते. बंगालच्या फाळणीने तो विश्वास हादरला. १९०५ साली बनारस काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून गोखल्यांनी कर्झनच्या कारभारावर कठोर टीका केली आणि स्वदेशीची बाजू घेतली, परंतु त्यापुढचे पाऊल त्यांच्याने टाकवले नाही.

दुसरी मर्यादा भाषेची. त्यांची उत्तमोत्तम भाषणे इंग्रजीत झाली. ज्या रयतेच्या मिठावरील कर कमी करण्यासाठी ते झटत होते, तिला त्यांचे शब्द कळत नव्हते. गणेशोत्सव, शिवजयंती आणि 'केसरी' या मार्गांनी ते अंतर लोकमान्यांनी तोडले. या बाबतीत लोकमान्यांचे ऋण निर्विवाद आहे.

तिसरी गोष्ट विभक्त मतदारसंघांची. १९०९ च्या सुधारणांत ते आले तेव्हा गोखल्यांनी त्या मागणीकडे सहानुभूतीने पाहिले. अल्पसंख्याकांची भीती यामुळे शमेल असा त्यांचा होरा होता. इतिहासाने तो खोटा ठरवला. मात्र १९१६ च्या लखनौ करारात लोकमान्यांनीही तीच तडजोड स्वीकारली, हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. दोष द्यायचा तर दोघांनाही सारख्या मापाने द्यावा लागेल.

१९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, जोडे आणि खुर्च्या उडाल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी जे लिहिले-बोलले गेले ते वाचवत नाही. पण १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले अवघ्या ४८ व्या वर्षी गेले तेव्हा लोकमान्य सिंहगडावर होते. ते तातडीने पुण्यात उतरले, स्मशानात बोलायला उभे राहिले आणि आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न आणि कार्यकर्त्यांचा मुकुटमणी म्हणून गौरवले. टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यांनी समजही दिली की, ही टाळ्यांची वेळ नव्हे. ज्यांना लोकमान्यांचा वारसा सांगायचा आहे, त्यांनी प्रतिपक्षाला ओळखण्याचा त्यांचा हा मोठेपणाही वारशात घ्यावा.

कार्यकर्ता कसा घडवावा

लोकमान्यांनी 'कार्यकर्ता' म्हणून गौरव केला, तो शब्द अर्थपूर्ण आहे. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली. अल्प वेतनावर आयुष्य देशकार्याला वाहणारे, खाजगी मिळकतीच्या मागे न लागणारे, जातिभेद न मानणारे पूर्णवेळ कार्यकर्ते तयार करणे हा तिचा हेतू. सार्वजनिक जीवनाला अध्यात्माची बैठक असली पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे, आणि त्या काळात ग्रंथालयात अभ्यास व देशभर प्रवास ही दोन कामे असत. देशकार्य करायला भावना लागते हे सर्वांना मान्य होते. त्यासाठी पाच वर्षांचा अभ्यासही लागतो, असे म्हणणारा हा पहिला पुढारी. तेथूनच १९१४ साली ठक्करबाप्पा तयार झाले आणि पुढे १९२२ साली दाहोदला त्यांनी भिल्ल सेवा मंडळ काढले. सातपुड्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि आपल्या अमळनेरचे साने गुरुजी! १९२४ मध्ये ते येथे शिक्षक म्हणून आले, छात्रालय सांभाळू लागले, आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. गांधीयुगातल्या या भावनाशील शिक्षकाने लेखनाच्या अगदी आरंभीच्या काळात चरित्र लिहायला घेतले ते नामदार गोखल्यांचे. ज्या माणसाला लोक अश्रूंसाठी ओळखतात, त्याला आकडे मांडणाऱ्या माणसाचे चरित्र लिहावेसे वाटले, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. करुणा खरी असेल तर ती हिशेबही मांडते.

आपली निवेदने

शेवटी आपल्याकडे वळतो. अनेक वर्षे वृत्तपत्रात काम करीत असल्याने एक दृश्य मी अक्षरशः हजारो वेळा पाहिले आहे. सात-आठ जण तहसीलदारांच्या कचेरीत जातात, निवेदन देतात, देताना छायाचित्र काढतात, दुसऱ्या दिवशी ते नावांसह छापून येते आणि विषय संपतो. ते निवेदन वाचले तर त्यात काय असते? 'तीव्र निषेध', 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' आणि खाली सह्या. गावात किती हातपंप आहेत, किती बंद आहेत, केव्हापासून बंद आहेत, दुरुस्तीसाठी किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, यातले काहीही नसते. रानड्यांचा अर्ज लोकांना उद्देशून होता. आपले निवेदन कॅमेऱ्याला उद्देशून असते.

पाडळसरे धरणाचे नाव ऐकत या तालुक्यात एक पिढी मोठी झाली. त्यावर किती भाषणे झाली असतील! त्या धरणाचा मूळ अंदाजित खर्च किती होता, सुधारित मान्यता कितीदा मिळाली, प्रत्येक वर्षी किती तरतूद झाली आणि त्यातली किती प्रत्यक्ष खर्च झाली, हे चार आकडे कागद न पाहता सांगू शकतील असे किती जण या सभागृहात आहेत? चिकाटीने हा पाठपुरावा करणारी काही माणसे या तालुक्यात आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण ती मूठभर आहेत आणि ते काम सर्वांचे आहे.

रानड्यांना सरकारी अहवाल मिळवण्यासाठी खटपट करावी लागे. आपल्या हाती २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो, ग्रामसभेपुढे गावाचा जमाखर्च येतो. साधने आली, पण रानड्यांच्या त्रैमासिकासाठी रात्री जागणारे हात कुठे आहेत? मी तरुण मित्रांना एवढेच सुचवीन की, पाच जणांनी एकत्र यावे आणि आपल्या परिसरातला एकच प्रश्न निवडावा. एखादी शाळा, एखादा रस्ता, एखादा पाटबंधारे प्रकल्प. वर्षभर त्याची कागदपत्रे मिळवावीत, प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजमाप करावे, आणि मग निवेदन लिहावे. ते तहसीलदारांना द्यावे आणि त्याची प्रत गावाच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवावी, मराठीत, अहिराणीत, जी भाषा ऐकणाऱ्याला कळेल त्या भाषेत. गोखल्यांचे जे काम अपुरे राहिले ते तेथे पुरे होईल.

अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. दोन ओळींचे उत्तर येते की, आपला अर्ज मिळाला. पुष्कळदा तेही येत नाही. उत्साह टिकवणे अवघड असते हे मी जाणतो. ज्या मंडळींना आपण मवाळ म्हणतो त्यांनी हे काम चाळीस-चाळीस वर्षे केले, टपाल फोडले जात असताना केले, स्वकीयांच्या टीकेचे घाव सोसून केले. त्यांच्या राजकीय निष्कर्षांशी आपला मतभेद असू शकतो, माझाही काही बाबतींत आहे. त्यांच्या कष्टांशी मात्र मतभेद असण्याचे कारण नाही. तेवढे कष्ट आपण उचलले, तर नामदार गोखल्यांची तसबीर भिंतीवर लावण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.